वाढत्या बेळगावची नोटीस कोणत्या भाषेत?

बेळगावात हल्ली कुठेही चार माणसे जमली, मग तो लग्नाचा मांडव असो, पतसंस्थेची वार्षिक सभा असो की अनगोळ नाक्यावरचा चहाचा गाडा, बोलणे फिरून फिरून जागेच्या भावावर येते. अमक्या शिवारात गुंठ्याला किती, तमक्या लेआउटमध्ये चौरस फुटाला किती, हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहेत. ज्याची जागा आहे तो भाव ऐकून मनातल्या मनात खूश होतो. ज्याची नाही तो चहाचा पेला खाली ठेवून विषय बदलतो. सीमाप्रश्नावर भरभरून बोलणारी मंडळीही या गप्पांत सामील असतात, पण शहराची वाढ आणि भाषेचा प्रश्न हे दोन विषय एकाच दमात बोलावेत असे फारसे कुणाला वाटत नाही. आम्हाला मात्र गेल्या काही वर्षांत असे पक्के वाटू लागले आहे की, हे दोन विषय एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत.

आधी शहर पाहू. बेळगावची नगरपालिका १८५१ सालची, म्हणजे मुंबई इलाख्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. १९७६ साली तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या ४ लाख ८८ हजारांच्या घरात होती. पण हद्दीला लागून असलेली गावे व छावणी धरून जो नागरी समूह मोजला गेला, त्याची लोकसंख्या ६ लाख १० हजार भरली. याचा अर्थ असा की, तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास माणसे शहरात राबत होती, शहरात मुले शिकवत होती, शहरातल्या बाजारात खर्च करत होती, आणि रात्री झोपायला महापालिकेच्या हद्दीबाहेर जात होती. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे आज हा फरक किती झाला ते छापील आकड्यात सांगता येत नाही. पण हिंडलगा, दोन्ही कंग्राळी, बेनकनहळ्ळी, पिरनवाडी, मच्छे, या बाजूंना संध्याकाळी एक फेरी मारून यावे. जेथे आमच्या लहानपणी भाताचे वाफे होते तेथे आज दुमजली घरांच्या रांगा आहेत, आणि या घरांना जाणारा रस्ता अजून शेताच्या बांधाएवढाच आहे.

ही माणसे हद्दीबाहेर का गेली? परवडत नाही म्हणून, हे सरळ उत्तर. टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर येथे जुन्या बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली, तेथील फ्लॅट उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्याच्या किंवा खासगी शाळेत शिकवणाऱ्याच्या आवाक्यातले नाहीत. शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांत मागावरचे घर आणि राहते घर एकच. दोन भावांची लग्ने झाली की तिसऱ्याला बाहेर पडावे लागते. गणपत गल्ली, कडोलकर गल्ली, रामदेव गल्ली हा भाग व्यापाराने गिळला. मग उरते काय, तर कुणा शेतकऱ्याच्या जमिनीतला तीस बाय चाळीसचा तुकडा, आणि तोही बाँडवर.

बाँडवरचे घर

हा 'बाँड' प्रकार बाहेरगावच्या वाचकाला समजावून सांगावा लागेल, बेळगावकराला नाही. कर्नाटकात शेतजमीन घरासाठी वापरायची तर ती आधी बिगरशेती करून घ्यावी लागते, लेआउट मंजूर करून घ्यावा लागतो, रस्ते, गटारी व मोकळी जागा सोडावी लागते. शिवाय २०२० साली जमीन सुधारणा कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेण्यासच मनाई होती. एवढे सारे सोपस्कार दहा-वीस गुंठ्यांच्या मालकाला झेपत नाहीत, घेणाऱ्याच्या खिशाला तर त्याहून नाहीत. मग शेतकरी आणि घेणारा स्टॅम्प पेपरवर करार करतात, पंचांसमोर पैसे मोजले जातात, चार कोपऱ्यांना दगड रोवले जातात, आणि घर उभे राहते. उताऱ्यावर नाव मात्र मूळ शेतकऱ्याचेच राहते. त्याच्या पश्चात मुला-मुलींची वारस म्हणून नावे लागली की घेणाऱ्याच्या छातीत धस्स होते. बँक कर्ज देत नाही, म्हणून पतसंस्थेचे किंवा सावकाराचे व्याज भरावे लागते. ग्रामपंचायत घरपट्टी घेते, नळ देते, पण मालकीचा कागद देत नाही. आता ए-खाता, बी-खाता अशी नवी वर्गवारी आली आहे. बी-खाता मिळाला म्हणजे कर भरण्याची सोय झाली, घर नियमित झाले असे होत नाही. पण हा बारीक फरक कागद हातात घेऊन कुणी समजावलेला नसतो.

कारण कागद कन्नडमध्ये असतो. येथे भाषेचा प्रश्न प्रथम दार वाजवतो. सन २००० च्या सुमारास 'भूमी' योजनेखाली जमिनीचे उतारे संगणकावर गेले, हाताने लिहिलेला उतारा बाद झाला. ही सुधारणा होती, यात शंका नाही. तलाठ्याच्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून आठ-आठ दिवस चकरा मारणे बंद झाले. पण जुन्या दप्तरात मोडी आणि मराठी नोंदी ज्यांच्या वाडवडिलांच्या नावे होत्या, त्यांच्या नातवंडांच्या हाती जो कागद आला तो त्यांना वाचता येत नाही. आडनाव एका उताऱ्यावर एक, दुसऱ्यावर दुसरे, आणि आधारकार्डावर तिसरे, असे झाले की नोंद दुरुस्तीसाठी वकील गाठावा लागतो. कन्नड न वाचता येणाऱ्याने शिकून घ्यावे, असे म्हणणारे भेटतात. आमच्या शाळेतली मुले कन्नड शिकतातच, आणि चांगली शिकतात. शेजाऱ्याची भाषा येणे हे भूषण आहे. परंतु सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीवर काय संकट येऊ घातले आहे हे कळण्यासाठी आता मुळाक्षरे गिरवावीत काय, याचे उत्तर तो सल्ला देणारे देत नाहीत.

एकवीस दिवसांची मुदत

आम्ही शिक्षक असल्यामुळे आणि समितीचे काम करत असल्यामुळे नोटिसा आमच्याकडे येतात. शाळा सुटण्याच्या सुमारास फाटकापाशी कुणीतरी उभे असते. "गुरुजी, हे काय आलंय बघा की जरा," म्हणून घडी घातलेला कागद पुढे करतात. एकदा असेच एक वयस्क शेतकरी आले. त्यांचा मुलगा आमच्या हाताखालून गेलेला. कागद भूसंपादनाचा होता; त्यांच्या सर्व्हे नंबरातील काही गुंठे रस्त्यासाठी घेतले जाणार होते. आम्ही वाचून दाखवले, तारीख पाहिली, आणि म्हणालो, "तात्या, हरकतीची मुदत परवाच संपली." ते म्हणाले, "ह्यो कागद पंधरा दिवस घरात देवाच्या फोटोमागं हाय. पोरगा गोव्याहून आला की वाचील म्हणून ठेवला हुता." आता या माणसाला आपण काय म्हणायचे? त्यांनी कागद फेकून दिला नव्हता. जपून ठेवला होता.

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा आहे. त्यात जमीन घेण्याच्या इराद्याची अधिसूचना निघाली की तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावा, त्यांपैकी एक देशी भाषेतील असावे, अशी तरतूद आहे. आणि अधिसूचनेनंतर एकवीस दिवसांत हरकत नोंदवावी लागते. कायदा करणाऱ्यांनी 'देशी भाषा' असे म्हटले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एका गावात एकच भाषा असेल. बेळगाव तालुक्यात कोणती देशी भाषा, हा प्रश्न कायद्याने सोडला तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर. मराठी गावाच्या शिवारासाठीची जाहिरात कन्नड व इंग्रजी पत्रांत छापली तरी कायद्याचे अक्षर पाळले गेले असे म्हणता येते. एकवीस दिवस मात्र सर्वांसाठी सारखेच धावतात.

हलगा ते मच्छे या बायपासचे उदाहरण सर्वांसमोर आहे. साडेनऊ किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता हलगा, शहापूर, वडगाव, येळ्ळूर, मच्छे या पट्ट्यातून जातो. ज्यांनी तो पट्टा पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात भात, त्यात बेळगाव बासमतीसारखा वाण, आणि भात निघाले की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. धारण लहान, एकेका घराची पंधरा-वीस गुंठ्यांपासून एक-दोन एकरांपर्यंत. म्हणजे रस्त्याची रुंदी ज्याच्या जमिनीतून गेली त्याच्याकडे दोन्ही बाजूंना पट्ट्या उरतात, शेत उरत नाही. शेतकरी न्यायालयात गेले. काम कधी स्थगितीने थांबले, कधी पोलीस बंदोबस्तात सुरू झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये उभ्या पिकात यंत्रे घातली गेली तेव्हाच्या बायकांच्या आक्रोशाची छायाचित्रे या जिल्ह्यातील प्रत्येक वृत्तपत्रात आली. पुढे २०२२ मध्ये रिंग रोडची अधिसूचना निघाली. त्यात तालुक्यातील तीसेक गावांच्या जमिनी येतात, आणि त्यांतील बहुसंख्य गावे मराठी आहेत. यावेळी गावोगावी बैठका झाल्या, हरकती वेळेत गेल्या. बायपासच्या वेळी जे शिकलो ते कामी आले.

रस्ता नकोच, असे आमचे म्हणणे नाही. जुन्या पी. बी. रोडवर अवजड वाहनांनी किती बळी घेतले ते आम्ही जाणतो, गोव्याकडे जाणारी वाहतूक शहराच्या पोटातून जाऊ नये हेही पटते. मात्र रस्ता कुठून न्यायचा हे ठरवण्याच्या खोलीत ज्याची जमीन जाते तो बसलेला नसतो, आणि त्याच्या दारात पहिला कागद येतो तोही त्याला न वाचता येणारा.

सभागृह नसलेली सहा वर्षे

नगरनियोजन, रस्ते, पाणी, गटारी, झोपडपट्टी सुधारणा ही कामे लोकांनी निवडलेल्या सभागृहाची, असे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितले. ती जून १९९३ पासून लागू आहे. तिच्या बाराव्या परिशिष्टात १८ विषय आहेत, आणि पहिलाच विषय नगररचनेसह नागरी नियोजन हा आहे. सभागृह बरखास्त केले तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी, हेही त्याच दुरुस्तीत आहे.

आता बेळगावचा हिशेब मांडू. २००५ साली महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला, म्हणून सरकारने सभागृह बरखास्त केले. महापौरांना बेंगळूरमध्ये काळे फासण्यात आले ते याच वेळी. डिसेंबर २०११ मध्ये पुन्हा बरखास्ती झाली, कारण महापौर व उपमहापौर काळ्या दिनाच्या फेरीत सामील झाले. निवडणूक झाली मार्च २०१३ मध्ये, आणि निवडून आलेल्या नगरसेवकांना महापौर निवडायला मार्च २०१४ उजाडला, कारण आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. ती मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि महापौरपदाची निवड फेब्रुवारी २०२३ मध्ये. डिसेंबर २०११ ते फेब्रुवारी २०२३ या अकरा वर्षे दोन महिन्यांत या शहराला सहा वर्षांहून अधिक काळ चालते सभागृह नव्हते.

आणि याच काळात काय काय झाले ते आठवावे. २०१२ मध्ये हलगा-बस्तवाडच्या माळावर सुवर्ण विधानसौध उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव आले. केंद्राचे पाचशे कोटी व राज्याचे तेवढेच, असा निधी एका स्वतंत्र कंपनीमार्फत खर्च व्हायचा होता, आणि त्या कंपनीचा कारभार अधिकाऱ्यांच्या हाती होता. चोवीस तास पाण्याची योजना दहा प्रभागांत २००८ च्या सुमारास सुरू झाली होती; ती सर्व ५८ प्रभागांत नेण्याचे काम एका खासगी कंपनीकडे गेले. उरलेल्या प्रभागांत राकसकोप भरलेले असतानाही आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी, हा अनुभव गृहिणींना विचारावा. या सगळ्या निर्णयांच्या वेळी गल्लीतला नगरसेवक एक तर नव्हताच, किंवा होता तर मत देण्याच्या जागी नव्हता.

लोकप्रतिनिधी नसले की काम वेगाने होते, असे काही सुशिक्षित मंडळी म्हणतात. त्यांनी शहापूरच्या बँक ऑफ इंडिया चौकापासून जुन्या पी. बी. रोडपर्यंतच्या रस्त्याची कथा ऐकावी. जागा रीतसर संपादन न करता रस्ता केला गेला, मालक उच्च न्यायालयात गेला, भरपाईचा आकडा वीस कोटींवर पोचला, आणि २०२४ मध्ये जागाच परत देण्याची पाळी महापालिकेवर आली. वेगाने झालेल्या कामाचे पैसे करदात्याच्याच खिशातून जातात.

नगरविकास प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला 'बुडा' म्हणतो, त्याची गोष्ट निराळीच. ते १९८७ च्या राज्य कायद्याखाली चालते आणि त्याचा अध्यक्ष सरकार नेमते. रामतीर्थनगरसारख्या वसाहती त्याने वसवल्या, त्यात पुष्कळांना घरे मिळाली, हे मान्यच केले पाहिजे. पण कणबर्गीच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवरच्या योजनेविरुद्ध वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. ज्या भावाने जमीन घ्यायची आणि ज्या भावाने भूखंड द्यायचे, त्यातील अंतर पाहून शेतकऱ्याचा संताप होतो. आणि तोच शेतकरी मग बाँडवर प्लॉट पाडून विकतो. बेकायदा वसाहती वाढल्या म्हणून प्राधिकरण ओरडते तेव्हा आम्हाला या साखळीची पहिली कडी आठवते.

आणि नाल्याचे काय? बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात वडगाव, शहापूर, येळ्ळूर, हलग्याच्या शिवारात पसरतो. शहराचे सांडपाणी, कचरा, जलपर्णी यांनी तो तुंबलेला. भाताची रोपे आठ दिवस पाण्याखाली राहिली की कुजतात, दुबार लावणी करावी लागते, आणि तीही पुन्हा बुडते. ऑगस्ट २०१९ मध्ये तर पाणी वस्त्यांत शिरले. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रासाठी हलग्याची सुपीक जमीन घेताना पोलीस आणावे लागले. शहराचा मैला आमच्याच शेतात आणि केंद्रासाठी जमीनही आमचीच, असे तेथील शेतकरी म्हणतो तेव्हा तो अतिशयोक्ती करत नसतो. या नाल्याला भाषा नाही. शहापूर-वडगावचे कन्नड बोलणारे विणकर व शेतकरी त्यात तितकेच बुडतात. सरकारी कन्नड नोटीस वाचून तेही चक्रावतात, कारण ती भाषा त्यांच्या घरातली नसून कचेरीतली असते, हेही येथे सांगायला हवे.

दोन मते

हा विषय तरुणांसमोर काढला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक गट म्हणतो, "सर, फलक आणि ठराव पुरे झाले. आम्हाला रस्ता, पाणी आणि नोकरी द्या. भाषेमुळेच आमच्या गल्लीचा निधी अडतो." हा गट लहान नाही. सप्टेंबर २०२१ च्या निवडणुकीत पक्षचिन्हावर लढून भारतीय जनता पक्षाने ५८ पैकी ३५ जागा घेतल्या, आणि त्यांत मराठी मते व मराठी उमेदवार भरपूर होते. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या वाट्याला मोजक्या जागा आल्या. दुसरा गट, बहुतेक आमच्या वयाचा, म्हणतो की नळ-गटारीच्या मागे लागलात तर मूळ प्रश्न बाजूला पडेल. २००४ सालचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तो लागू द्या, मग सारे आपोआप होईल.

पहिल्या गटाला आम्ही विचारतो: ज्या निधीतून तुमच्या गल्लीचा रस्ता व्हायचा, त्या सभेची विषयपत्रिका तुमच्या नगरसेवकाला वाचता येते काय? मराठी नगरसेवक विषयपत्रिका मराठीतूनही द्या अशी मागणी वारंवार करतात ती हौसेने नव्हे. लेआउट मंजुरीचा विषय, भाडेपट्ट्याचा विषय, कंत्राट वाढवून देण्याचा विषय पन्नास पानांच्या गठ्ठ्यात असतो आणि हात वर करण्याआधी तो समजावा लागतो. पक्ष कोणताही असो, न वाचलेल्या कागदावर हात वर करणारा प्रतिनिधी कोणत्याच गल्लीच्या कामाचा नाही.

दुसऱ्या गटाला आम्ही आदराने सांगतो की, दाव्याचा निकाल कधी लागेल ते आपल्या हाती नाही, आणि तोवर जमीन थांबत नाही. ज्या दिवशी निकाल लागेल त्या दिवशी शिवार कुणाच्या नावावर असेल? पाटसकर सूत्र खेडे हा घटक मानते. खेडेच प्लॉट पडून विरघळले, मूळ माणसे जमीन विकून पुण्याला गेली, तर सूत्र कशाला लावायचे?

याच संदर्भात हद्दवाढीचा वाद येतो. लगतची गावे महापालिकेत घ्यावीत काय? मच्छे व पिरनवाडी ग्रामपंचायतीतून वरच्या वर्गात गेल्या आहेत. हद्दीत गेले की पाण्याची, कचऱ्याची सोय होईल असे नवे रहिवासी म्हणतात. जुने गावकरी म्हणतात की घरपट्टी वाढेल, ग्रामीण रोजगार योजनेचे काम जाईल, गायरान महापालिकेच्या ताब्यात जाईल, आणि ग्रामसभेत आज उठून मराठीत चार शब्द बोलता येतात ते बंद होईल. आमचा कल जुन्या गावकऱ्यांकडे आहे. पाणी व कचरा यांसाठी गावांनी आणि महापालिकेने मिळून व्यवस्था करता येते. त्यासाठी गावाने आपली सभा गमावण्याची गरज नाही. पण नव्या वसाहतींना ग्रामसभेत 'बाहेरचे' म्हणून बसवले जाते, तेही थांबले पाहिजे. त्यांतील निम्मे तर आपल्याच गल्ल्यांतून परवडेना म्हणून गेलेले आहेत.

मागणी नवी नाही. १९५६ साली केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे जे निवेदन काढले आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत जे ठरले, त्यानुसार ज्या जिल्ह्यात, तालुक्यात वा नगरपालिकेत एखाद्या अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. बेळगाव शहर, बेळगाव तालुका, खानापूर तालुका, कोणतीही जनगणना काढा, ही अट ओलांडलेली दिसेल. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे एक विभागीय कार्यालय बराच काळ बेळगावातच होते. त्यांच्या अहवालांत हा विषय पुनःपुन्हा आला. केरळने १९६९ च्या आपल्या भाषा कायद्यात तमिळ व कन्नड अल्पसंख्याकांना त्यांच्या भागात स्वभाषेत सरकारशी पत्रव्यवहार करण्याची सोय ठेवली. कासरगोडच्या कन्नड बांधवांना ती मिळते म्हणून कर्नाटकात आनंदच आहे, आमचाही आहे. महाराष्ट्र जत, अक्कलकोटला कन्नड शाळा चालवतो, तेही योग्यच. मग हलग्याच्या शेतकऱ्याला भूसंपादनाची नोटीस मराठीत दिल्याने कन्नडची कोणती हानी होते? नोटीस दोन्ही भाषांत असावी एवढेच तर म्हणणे आहे. २०२४ च्या कायद्याने दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचे केले. पाटीवरची टक्केवारी मोजायला माणसे मिळतात, नोटिशीचा अनुवाद करायला मिळत नाहीत, हे पटत नाही.

तोवर गावोगावच्या मंडळांना काही करता येण्यासारखे आहे. गावात कन्नड चांगले वाचणारी दोन-तीन मुले-मुली असतातच. ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि जाहिरातीत आलेले सर्व्हे नंबर आठवड्यातून एकदा त्यांनी पाहावेत आणि देवळात वाचून दाखवावेत. वारसांच्या नोंदी वेळेवर कराव्यात. बाँडवर जागा घेतलेल्यांनी मूळ मालकाच्या वारसांची संमती आताच लिहून घ्यावी. आणि हरकत मराठीत लिहावी. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे तक्रारीचे निवेदन केंद्रात वा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कन्नडमध्ये नाही म्हणून अर्ज परत करणाऱ्या कारकुनाला हे कलम शांतपणे दाखवावे. सोबत कन्नड अनुवाद जोडता आला तर काम लवकर होते, म्हणून तोही जोडावा. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि अधिसूचनेची तारीख अर्जाच्या पहिल्या दोन ओळींत यावी. अर्जाची पोच, शिक्का व तारखेसह, त्याच दिवशी घ्यावी आणि तिची झेरॉक्स गावच्या मंडळाकडे ठेवावी.